मूल कामावर का जाते हे कसे शोधावे आणि त्याला शाळेत कसे टिकवावे

कामावर असलेले मूल नजरेस पडले की त्याला तिथून ताबडतोब बाहेर काढावे असे कोणाही सुजाण माणसाला वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ज्या कारणाने ते मूल कामाला लागले ते कारण घरात तसेच राहिले, तर महिन्या-दोन महिन्यांत ते दुसऱ्या कामावर जाते, आणि हे दुसरे काम बहुधा आडबाजूचे, कोणाच्या डोळ्यांवर न येणारे असते. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर घडले. बालकामगारांकडून करवून घेतलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक १९९२ मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये मांडले गेले, तेव्हा त्याच्या धास्तीनेच तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना एकाएकी कामावरून कमी केले. त्यांतील कित्येक मुले नंतर शाळेत नव्हे, तर खडी फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांवर आढळली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि त्याने क्रम उलटा केला: आधी शाळेत जागा व दरमहा विद्यावेतन, मग कामावरून सुटका. पुढील मार्गदर्शन याच क्रमाला धरून आहे. ते शिक्षकांसाठी, सामाजिक कार्यकर्त्यांसाठी आणि आपल्या आसपासच्या एखाद्या मुलाची काळजी वाटणाऱ्या कोणासाठीही आहे.

या क्रमाला एक अपवाद आहे. मूल डांबून ठेवलेले असेल, विकले किंवा पळवून आणलेले असेल, कर्जाच्या फेडीसाठी राबवले जात असेल, लैंगिक शोषण, अमली पदार्थांची ने-आण किंवा सशस्त्र टोळ्या यांत अडकलेले असेल, तर कारणांचा शोध घेत बसू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९९ चा करार क्रमांक १८२ अशा कामांना बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार मानतो, आणि २०२० पर्यंत त्या संघटनेच्या तेव्हाच्या सर्व १८७ सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली आहे. अशा वेळी स्वतः जाऊन मालकाशी वाद घालू नये, कारण रातोरात मुलांना दुसरीकडे हलवले जाते. ठिकाण, वेळ, मुलांची अंदाजे संख्या व वय यांची नोंद करून पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणा यांना कळवावे. मुलाचे छायाचित्र मात्र कोठेही पसरवू नये.

बाकीच्या, म्हणजे फार मोठ्या संख्येच्या, मुलांबाबत पहिले काम म्हणजे ते मूल नेमके किती आणि काय काम करते हे समजून घेणे. घरच्यांना मदत करणारे प्रत्येक मूल बालमजूर नसते. त्याच संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ कामाचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ धरतो, विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ची मुभा देतो, शाळेच्या आड न येणारे हलके काम १३ व्या (किंवा १२ व्या) वर्षापासून चालवून घेतो आणि धोक्याच्या कामासाठी १८ ची अट घालतो. जागतिक अंदाज काढताना ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी उत्पादक काम केले, किंवा १२ ते १४ वर्षांच्या मुलाने १४ तास वा त्याहून अधिक काम केले, तरी ती बालमजुरी गणली जाते. हे तास समजण्यासाठी “तुमचा मुलगा काम करतो का?” असे कधीही विचारू नये. त्याचे उत्तर “छे हो, जरा हाताखाली असतो एवढंच” असे येते, आणि सांगणारी आई खोटे बोलत नसते. तिच्या दृष्टीने ते काम नसतेच. त्याऐवजी मुलाशी कालच्या दिवसाबद्दल बोलावे. “काल उठलास तेव्हा उजाडलं होतं का? आधी काय केलंस? मग?” अशा रीतीने झोपेपर्यंत यावे. पाणी आणणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, गुरे राखणे, मग दोन तास शाळा आणि पुन्हा शेत, असा दिवस मुलाच्या तोंडून उलगडला की तासांचा हिशेब आपोआप होतो.

शाळेचा हजेरीपटही बोलका असतो. अधूनमधून एखाद-दुसरा दिवस चुकणारे मूल आणि दर आठवड्याच्या ठरावीक दिवशी, किंवा पेरणी-कापणीच्या सलग पंधरवड्यात न दिसणारे मूल, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारची गैरहजेरी म्हणजे कामाची खूण. शेताकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती, त्यांतील सुमारे ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात, आणि एकूण बालमजुरांपैकी ६१ टक्के शेतीत. बालमजूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना किंवा हॉटेल येते. पण बहुतेक मुले घरच्याच शेतावर, विनावेतन राबत असतात आणि म्हणून कोणत्याही तपासणीत सापडत नाहीत. शेतीतले काम निरुपद्रवी असते हा समजही सोडावा. तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या मुलाच्या त्वचेतून निकोटिन अंगात भिनते आणि त्याला मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो.

यानंतर कारणाकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. “गरिबी” एवढे उत्तर लिहून थांबणे म्हणजे काहीच न शोधणे होय, कारण तितकीच गरीब असलेली शेजारची मुले शाळेत जात असतात. मूल कामाला लागले त्या सुमारास घरात काय घडले, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर एखाद्या तारखेसारखे स्पष्ट असते: वडील आजारी पडले, पीक गेले, घरातील कर्त्या माणसाचे काम सुटले. अशा घराला कायमची मदत नव्हे, तर त्या दोन-चार महिन्यांचा आधार हवा असतो, आणि तो वेळेत मिळाला तर मूल शाळेतून सुटतच नाही. एकदा वर्षभर सुटलेले मूल परत आणणे याच्या कितीतरी पट अवघड असते.

दुसरे कारण मजुरीच्या पद्धतीत दडलेले असते. मजुरी दिवसावर न देता नगावर किंवा वजनावर दिली जाते, दर इतका कमी असतो की एकट्या माणसाच्या हातून दिवस भागत नाही, आणि म्हणून बायको-मुलांचे हात त्यात पडतात. मालकाच्या वहीत नाव एकट्या बापाचे असते; मुलाच्या कामाची नोंदच नसल्याने “आमच्याकडे मुले नाहीत” असे मालक कागद दाखवून सांगू शकतो. मजुरीपोटी आधी उचल घेतलेली असेल तर गाठ आणखी घट्ट बसते. अशा घरात जाऊन आईबापांना शिक्षणाचे महत्त्व समजावणे मला अन्यायाचे वाटते. तिथे उपाय एकच: प्रौढांना कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळावे यासाठी स्थानिक कामगार संघटनेची आणि कामगार अधिकाऱ्याची मदत घ्यावी, आणि उचलीचा लेखी हिशेब मागावा. मुलांची बोटे नाजूक असल्याने काही कामे त्यांनाच जमतात, असा युक्तिवाद मालक करतात. भारतातील गालिचा विणकामाच्या १९९० च्या दशकातील अभ्यासात तो टिकला नाही. प्रौढ विणकर तेच काम तितकेच चांगले करतात. मुलांना घेतले जाते ते स्वस्त पडतात आणि तोंड वर करून बोलत नाहीत म्हणून.

तिसरे कारण खुद्द शाळा. ती दूर असते, शिक्षक येत नाहीत, मुलींसाठी स्वच्छतागृह नसते, मार बसतो, किंवा अकरा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसावे लागते आणि ते लाजेने निघून जाते. असे मूल विचारल्यावर “मला काम आवडतं” असे सांगते. ते ऐकून घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. मोठ्या वयाच्या मुलांना थेट वर्गात न बसवता काही महिने सेतूवर्गात शिकवून वयानुरूप वर्गात नेणे हा चांगला उपाय आहे. आताच्या तेलंगणातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून हेच केले आणि शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालमजूरच, अशी भूमिका घेतली. मला ती व्यवहारातही उपयोगी वाटते, कारण मग कोणते मूल “खरे” मजूर यावर वेळ जात नाही.

उपायांमध्ये पैशाची मदत परिणामकारक ठरली आहे, पण ती कशी दिली जाते यावर सारे अवलंबून असते. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसा योजनेत मुलांच्या हजेरीच्या अटीवर रक्कम थेट आईच्या हाती दिली जाई, आणि माध्यमिक वर्गांत मुलींसाठी ती मुलांपेक्षा जास्त असे. त्यातून शाळेतील नोंदणी वाढली आणि मुलांचे काम घटले. ब्राझीलने १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट ओळखली. शाळा अर्धा दिवसच चालत असेल तर मूल सकाळी शाळेत आणि दुपारी कामावर जाऊ शकते. म्हणून तिथल्या योजनेत मदतीसोबत शाळेनंतरचे तासही खेळ व अभ्यासाने भरले गेले. याउलट, घराचे उत्पन्न वाढावे म्हणून शेळ्या किंवा छोट्या धंद्यासाठी कर्ज देताना फार जपावे. शेळ्या चारायला कोण नेणार आणि दुकानावर दुपारी कोण बसणार, हे कर्ज मंजूर होण्याआधी विचारावे, कारण उत्तर बहुधा घरातील मूल हेच असते. कमाई वाढली की मुलांचे काम घटतेच असे नाही. ब्राझीलमध्ये कॉफीचे भाव चढले तेव्हा कॉफीच्या भागांत मुलांचे काम वाढले. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात तांदळाचे भाव वाढले तेव्हा मात्र ते घटले, कारण तिथे ती कमाई जमीन कसणाऱ्या कुटुंबांच्या घरात आली आणि त्यांनी मुलांना कामातून सोडवले. एरवी मात्र मागणी वाढली आणि मजुरांची ओढ लागली की मुलेही कामावर खेचली जातात. म्हणून भरभराटीच्या हंगामात हजेरीपटावर दुप्पट लक्ष ठेवावे.

मूल शाळेत दाखल झाले त्या दिवशी काम संपले असे मानू नये. पहिले तीन महिने दर आठवड्याला आणि त्यानंतर किमान एक पूर्ण शेतीहंगाम उलटेपर्यंत त्याची हजेरी पाहावी. सलग तीन दिवस ते आले नाही तर चौथ्या दिवशी घरी जावे, आणि जाताना तक्रार घेऊन न जाता “काय झालं, काही अडलंय का?” एवढेच विचारावे. त्याच भेटीत त्याच्या पाठच्या भावंडाकडे पाहावे. थोरल्याचे काम सुटले की ते धाकट्या बहिणीच्या अंगावर पडते, आणि शाळेच्या पटावर तिचे नाव नसेल तर ते कोणाला कळतही नाही.