ताप उतरला, पण डोकं चालेना? या चुका टाळा

डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू, कोविड किंवा डॉक्टर ज्याला नुसतंच ‘व्हायरल आहे’ म्हणतात तो ताप. तो उतरतो, सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) नॉर्मल येतो, घरचे म्हणतात ‘झालास बरा’, आणि तरीही गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं, रोजच्या माणसाचं नाव तोंडात येत नाही, चार ओळींचा मेल तीनदा वाचावा लागतो. विषाणूशी लढताना शरीराने चेतवलेला दाह (इन्फ्लमेशन) विषाणू गेल्यावर लगेच विझत नाही. त्यातच झोप मोडलेली असते, जेवण तुटलेलं असतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप निवळतं. काहींचं लांबतं, आणि ते दरवेळी त्यांच्या चुकीमुळे लांबतं असं नाही. पण पुढच्या चुकांनी ते नक्की चिघळतं.

बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आजारानंतरच्या थकव्याची खोड अशी, की श्रमाचं बिल त्याच दिवशी येत नाही. ते 12 ते 48 तासांनी, कधी त्याहून उशिरा येतं. त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

रोजची नोंद वहीत ठेवली, तर त्यात असं काहीसं दिसतं. रविवार: सकाळी छान वाटलं. माळा आवरला, संध्याकाळी लग्नाच्या रिसेप्शनला दोन तास उभं. सोमवार: ठीक, ऑफिसात दोन मीटिंग. मंगळवार: दुपारपासून डोकं जड, शब्द सापडेनात, आवाज सहन होईना. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘मंगळवारी जेवणात काहीतरी आलं.’ खरं कारण रविवारच्या ओळीत असतं. म्हणून वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: काय केलं, किती वेळ केलं आणि डोकं कसं होतं (10 पैकी गुण). दोन आठवड्यांची पानं समोर ठेवली की आपली मर्यादा आपोआप दिसते.

बौद्धिक कामही श्रमच असतं. तासभर हिशेब तपासणं, एकामागून एक फोन, गर्दीत बोलणं, भांडण हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या निम्म्यावर थांबा. पुढचे दोन दिवस डोकं घसरलं नाही, तर तेवढंच काम आठवडाभर करा आणि मग पाच-दहा मिनिटं वाढवा. घसरलं तर आधीच्या पायरीवर या. चालणं आणि डोक्याचं काम एकाच आठवड्यात वाढवू नका. दोन्ही वाढवल्यावर बिनसलं तर कशाने बिनसलं ते कळत नाही.

‘घाम गाळला की ताकद येईल’ हा सल्ला इथेच घात करतो. श्रमानंतर उशिराने ढासळण्याचा हा प्रकार ज्यांच्यात पक्का दिसतो, त्यांनी जिम, सूर्यनमस्कारांची संख्या, जोरदार कपालभाती असं ठरावीक वेगाने वाढवत नेऊ नये. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2021च्या मार्गदर्शिकेतून काढून टाकला, तो याच धोक्यामुळे. मात्र असा प्रकार दिसत नसेल तर दिवसभर अंथरुणात पडून राहणंही चूकच. आठवडेच्या आठवडे झोपून काढले की उभं राहताच गरगरायला लागतं आणि डोकं अजून मंदावतं.

‘अशक्तपणाचं सलाईन’

आपल्याकडे हे फार चालतं, म्हणून जरा हिशेब मांडू. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे साधारण पाच चमचे साखरेइतकं. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. तोंडाने खाता-पिता येत असेल तर ही ‘ताकद’ लिंबू-सरबताने येते, तीही सुई न टोचता. दोन तास पडून राहिल्याने बरं वाटतं, हे खरं. पण ते श्रेय पडून राहण्याचं. सतत उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, तेव्हा सलाईनचं काम निराळं असतं आणि ते डॉक्टरांनी ठरवावं.

डेंग्यूनंतरचा गैरसमज प्लेटलेट्सचा. आकडा दीड लाखावर गेला म्हणजे डोकंही ताळ्यावर यायला हवं, असं नाही. प्लेटलेट्स रक्तस्रावाच्या धोक्याबद्दल सांगतात, एकाग्रतेबद्दल काहीच सांगत नाहीत. आकडा सुधारल्यावरही पपईच्या पानांचा रस पीत राहण्यात काही हशील नाही.

पेजेवर आणि मऊ भातावर महिना काढणंही तितकंच निरुपयोगी. भूक परतली की प्रथिनं वाढवा. वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी निदान एक ग्रॅम धरा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतं, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं.

पाकिटातली गुंगी

तापात सुरू झालेली सर्दीची गोळी तीन आठवड्यांनीही ‘नाक थोडं वाहतंय’ म्हणून चालू असते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोरफेनिरामाइन हे गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध दिसलं तर मंद डोक्याचं एक कारण हातात सापडलंच. लेव्होसेट्रिझिनही कित्येकांना दुसऱ्या दिवसापर्यंत सुस्त ठेवतं. खोकल्याच्या अनेक सिरपांतही अशीच औषधं असतात, म्हणजे काही जण दोन वेगवेगळ्या नावांनी एकच गुंगी घेत असतात. ही औषधं अजून हवीत का, ते डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची, फिटची किंवा मनोविकाराची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका.

तपासण्या चुकीच्या वेळी करणं

लांबलेल्या थकव्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) पाहणं रास्त आहे. घोळ होतो तो वेळेचा. बी12च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू झाल्यावर तपासलं तर आकडा छान येतो आणि मूळची कमतरता लपते. शाकाहारी घरांत ती बऱ्याचदा असते, म्हणून आधी रक्त द्या, मग गोळी. फेरिटिन दाहामुळे फुगतं. ऐन तापात ते भरपूर दिसलं म्हणजे लोह पुरेसं आहे असं होत नाही. आजारपणात टीएसएच तात्पुरतं हलतं, त्यामुळे तेव्हा जरासं बिघडलेलं आलं तर सहाएक आठवड्यांनी पुन्हा पाहतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. थायरॉइडच्या काही चाचण्या त्याने चुकतात.

एक तपासणी मात्र घरीच होते आणि ती बहुधा कुणी करत नाही. आडवं पडल्यावर डोकं हलकं आणि उभं राहिल्यावर जड होत असेल, तर पाच-दहा मिनिटं शांत आडवं पडा, ऑक्सिमीटरवर नाडी लिहून घ्या. मग भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभे राहा. न बोलता, पाय न हलवता दर मिनिटाला नाडी लिहा, दहा मिनिटं. शेजारी कुणीतरी हवंच, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं व्हा. नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी चढून तशीच राहिली (12 ते 19 वर्षांच्या मुलांत 40), तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘चक्कर येते’ या तक्रारीपेक्षा त्या दहा आकड्यांवरून त्यांना खूप जास्त कळतं.

पाणी-मिठाने यात फरक पडू शकतो. पण ओआरएसचं लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवणं ही नेहमीची चूक आहे. पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढंच पाणी घ्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये.

मोबाइल हातात घेऊन विश्रांती

आडवं पडून रील पाहणं म्हणजे विश्रांती नव्हे. 20-25 मिनिटं काम झालं की दहा मिनिटं डोळे मिटून, अंधारात, आवाजाविना. थकवा यायच्या आधीच थांबायचं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, तीनपूर्वी. चहाने तरतरी येते, पण कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. चारनंतरचा कटिंग रात्रीच्या झोपेतून वसूल होतो. उठायची वेळ मात्र रविवारीही तीच ठेवा.

‘अशक्तपणा आहे’ म्हणून धोक्याची खूण सोडून देणं

ताप परत येणं, मान ताठणं, उलट्यांसह असह्य डोकेदुखी, भान हरपल्यासारखं बोलणं, फिटचा झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, छातीत दुखणं, धाप लागणं: यात वाट पाहायची नाही, 108 लावा. कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. बाकी लक्षणं तीन महिने उलटूनही तशीच असतील तर वही घेऊन फिजिशियनकडे जा.

कामावर परतताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागा. आकडेमोड, सह्या आणि पैसे पाठवणं डोकं ताजं असतानाच करा. बहुतेकांचं ते सकाळी असतं. दुपारनंतर बँकेच्या नावाने फोन आला तर ‘उद्या बोलतो’ म्हणून ठेवून द्या, ओटीपी सांगून बसायची शक्यता याच दिवसांत जास्त. आणि सिग्नलला हिरवा दिवा लागल्याचं मागच्याच्या हॉर्नवरून कळत असेल, तर गाडीची चावी घरच्यांकडे द्या.