एचजीटी (बोट टोचून ग्लुकोमीटरवर शुगर बघणं) नेमकी कुणी करायची? वॉर्डातल्या या चुका टाळा

पहाटे साडेपाचची वेळ. नाइट संपत आलेली, वॉर्ड भरलेला आणि ड्युटीवर दोनच सिस्टर. अशा वेळी "मावशी, तेवढ्या शुगर बघून घ्या ना" असं सहज तोंडून निघतं. माझ्याही निघालं आहे, म्हणून सांगते: सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये मावशींनी सगळे आकडे बॉलपेननं तळहातावर लिहून आणले. बेडच्या क्रमानं मी ते चार्टवर उतरवले. पण पंख्याखालची जागा हवी म्हणून दोन पेशंटनी रात्रीच बेड बदलले होते. एका आजोबांच्या नावापुढे २८६ लागले. इन्सुलिन भरून मी त्यांच्याजवळ गेले, तर कपाळावर घाम आणि हात थरथरत होते. पुन्हा टोचलं, शुगर ६४! सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. १५ मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तेव्हापासून माझा आग्रह एकच. पेशंट ज्या सिस्टरकडे आहे, तिनेच नाव विचारून टोचावं, तिनेच बेडपाशी उभं राहून चार्टवर लिहावं आणि इन्सुलिनही तिनेच द्यावं. ही सिस्टर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली हवी. विद्यार्थिनीनं जरूर शिकावं, पण शेजारी स्टाफ नर्स असताना. यात मावशींना कमी लेखायचं नाही. पेशंटचे हात धुऊन देणं आणि "नाश्ता आला, सिस्टर" हे वेळेवर सांगणं, ही दोन्ही कामं लाखमोलाची आहेत.

कारण नाश्त्याच्या वेळेतच दुसरी चूक लपलेली असते. नाइटची सिस्टर सहाला शुगर बघते, मॉर्निंगची त्याच आकड्यावर साडेआठला इन्सुलिन देते. तोवर पेशंटनं घरच्या डब्यातली दोन बिस्किटं खाल्लेली असतात, नाहीतर सोनोग्राफीसाठी त्याला उपाशी ठेवलेलं असतं. प्लेन (लवकर असर करणारं साधं) इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास द्यायचं, म्हणून शुगरही त्याच सुमारास बघावी. इन्चार्जनी ते काम मॉर्निंगच्या सिस्टरकडेच सोपवलं तर हा घोळ मुळातच होत नाही.

आकडा आणि पेशंट यांचा मेळ बसत नसेल तर आधी हात बघा. आंब्याच्या दिवसांत हे हमखास होतं. एका काकूंची शुगर ३१२ आली, बोटांना हापूसचा वास होता. साबणानं हात धुतल्यावर १६८. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण सुकू द्या. डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) सलाईन चालू असलेल्या हाताचं बोट टोचू नका. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा स्ट्रिप्स खराब करते, तेव्हा एक स्ट्रिप काढली की डबीचं झाकण लगेच लावा. बीपी खूप खाली असेल, हातपाय गार पडले असतील किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका. शिरेतलं रक्त लॅबला पाठवा.

लॅन्सेटचं (बोट टोचायच्या सुईचं) पेन दोन पेशंटना वापरणं तर अक्षम्य आहे, सुई बदलली तरीही. त्यातून हेपटायटिस बी पसरू शकतो. प्रत्येकाला नवं लॅन्सेट, ते लगेच पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, आणि दर पेशंटनंतर मशीन पुसणं.

शुगर ७०च्या खाली आली तर नुसतं लिहून पुढच्या बेडकडे जाऊ नका. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच साखर पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका. डॉक्टरांना हाक मारा, २५ टक्के डेक्स्ट्रोज तयार ठेवा आणि पेशंटच्या बेडपाशीच थांबा.