किल्ली कोणाकडे राहणार? वस्तीतले छोटे सार्वजनिक काम उभे करताना

आपल्या वस्तीत काहीतरी सुधारावे, निदान रोज डोळ्यांना खुपणारी एखादी गोष्ट तरी मार्गी लागावी, असे वाटणारी माणसे सगळीकडे असतात आणि त्यांतली काही जण खरोखर पदरमोड करून कामाला लागतात. कुठे छोटे वाचनालय सुरू होते, कुठे मोकळ्या जागेत झाडे लावली जातात, कुठे मुलांसाठी अभ्यासाची खोली उघडते. यातली पुष्कळ कामे वर्षाच्या आत बंद पडतात. मी जवळून पाहिलेल्या कामांत तरी कल्पना वाईट होती किंवा पैसा अपुरा पडला, असे क्वचितच घडले. सुरुवात झाल्यानंतर ते रोज कोणी सांभाळायचे, हेच ठरलेले नव्हते.

मला हे एका कपाटाने शिकवले. आम्ही काही जणांनी इमारतीच्या सामायिक खोलीत मुलांसाठी पुस्तकांचे कपाट ठेवले होते. पुस्तके जमवली, त्यांना कव्हरे घातली, वहीत क्रमांक टाकले आणि संध्याकाळी मुले येऊन बसूही लागली. कपाटाची एकुलती एक किल्ली माझ्या जुडग्यात होती. घरातल्या आजारपणामुळे मला तीन आठवडे बाहेर राहावे लागले. परत आलो तेव्हा मुलांनी येणे सोडून दिले होते आणि खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना कसर लागली होती. पुस्तके हरवू नयेत म्हणूनच मी किल्ली स्वतःकडे ठेवली होती, पण त्यामुळे ते कपाट मुलांचे कधी झालेच नाही. तेव्हापासून कोणत्याही कामाची प्रत्येक पायरी मी एकाच प्रश्नावर तपासून पाहतो: उद्या मी नसलो, तर हे चालेल का?

कामाची निवड

काय करायचे हे घरी बसून ठरवू नये. ज्या भागात काम करायचे आहे तिथे पहाटे, दुपारी आणि रात्री अशा वेगवेगळ्या वेळी पायी फिरावे, आणि जमल्यास एकदा एखाद्या वृद्ध व्यक्तीबरोबर आणि एकदा लहान मुलाचा हात धरून फिरावे, कारण आपण सवयीने ओलांडून जातो ती उंच पायरी किंवा न लागणारा दिवा त्यांच्याबरोबर चालताना लगेच जाणवतो. लोकांशी बोलताना ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारले, तर बहुतेक जण विचारणाऱ्याला आवडेल असे उत्तर देतात. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात तुमचा वेळ किंवा पैसा कशात वाया गेला?’ असे विचारावे. या प्रश्नाला माणसे घडलेली गोष्ट सांगतात, आणि घडलेल्या गोष्टीवर काम करता येते.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आरोग्याचे काम करण्यासाठी जामखेडला गेले, तेव्हा लोकांना औषधांपेक्षा पाण्याची आणि अन्नाची निकड अधिक होती. त्यांनी ते ऐकले, आधी त्या गरजांना हात घातला, आणि त्यातून निर्माण झालेल्या विश्वासावर पुढे गावातल्याच, अनेकदा शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आपण जे करायला निघालो आहोत ते बाजूला ठेवून समोरच्याची निकड पाहणे प्रशिक्षित डॉक्टरांनाही सोपे गेले नसणार. म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

उलट बाजूचे उदाहरणही लक्षात ठेवावे. मुलांच्या फिरत्या चक्राला जोडलेला पाण्याचा पंप, म्हणजे मुले खेळतील आणि टाकी भरेल, ही दक्षिण आफ्रिकेतून पुढे आलेली कल्पना दूरच्या देणगीदारांना फार आवडली आणि आफ्रिकेतल्या अनेक गावांत असे पंप बसवले गेले. मुले दिवसभर खेळत नाहीत. त्यामुळे ते जड चक्र अनेक ठिकाणी बायकांना हातांनी ढकलावे लागले, बिघाड झाल्यावर दुरुस्ती गावात होईना, आणि काही गावांत तर त्यासाठी आधीचा चालता हातपंप काढून टाकलेला होता. जे पंप वापरणार होते त्यांना आधी नीट विचारले असते, तर यातल्या बऱ्याच गोष्टी चक्र बसवण्यापूर्वीच कळल्या असत्या.

आधी मोजून ठेवा

निवडलेली अडचण किती मोठी आहे, हे काम सुरू होण्याच्या आधीच मोजून ठेवावे, कारण नंतर ती संधी मिळत नाही. त्यासाठी कोणतेही खास साधन लागत नाही. समजा, सामायिक नळ गळतो आहे. त्याच्याखाली एक लिटरचे भांडे ठेवावे आणि ते भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे. 20 मिनिटे लागली, तर तासाला तीन लिटर, दिवसाला 72 लिटर आणि वर्षाला 26,280 लिटर पाणी नुसत्या गळतीत जाते. ‘नळ फार गळतो’ ही तक्रार लोक रोज ऐकतात आणि विसरतात. ‘दिवसाला 72 लिटर’ हा आकडा नळाशेजारच्या भिंतीवर कागदावर लिहून लावला, की वॉशर कोण आणणार याची चर्चा त्याच संध्याकाळी सुरू होते. दुरुस्तीनंतर तेच भांडे पुन्हा ठेवावे आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहावा. अंधाऱ्या रस्त्यासाठी रात्री ठरावीक वेळेत एकट्याने जाणाऱ्या स्त्रिया मोजता येतील, अभ्यासाच्या खोलीसाठी रोजची हजेरी पुरेल. एक किंवा दोनच आकडे ठेवावेत. अधिक ठेवले तर ते कोणी भरत नाही.

लहान चाचणी आणि कामाचे नाव

यानंतर पहिला प्रयोग शक्य तितका लहान करावा: एक महिना, एक जागा, उसने आणलेले सामान. 2009 मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला, तेव्हा तो एका दिवसाचा कार्यक्रम होता. बिघडलेली वस्तू घेऊन यायचे आणि दुरुस्ती जाणणाऱ्या स्वयंसेवकाच्या शेजारी बसून ती सुधारायची, एवढेच त्याचे स्वरूप. पुढे ही कल्पना अनेक देशांत पसरली. ती सहज उचलता येण्याजोगी आहे याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, तिला लागते काय ते पाहा: टेबले, हत्यारे आणि काही तास देणारी माणसे. आपल्या कल्पनेला सुरुवातीलाच इमारत, पगारी माणूस किंवा मोठे यंत्र लागत असेल, तर तिचा एखादा तुकडा वेगळा काढून तेवढाच करून पाहावा.

नावाकडेही लक्ष द्यावे. मी स्वतः ही गोष्ट पुष्कळ वर्षे दुय्यम मानली होती. झिम्बाब्वेमधले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारे शहरातल्या आज्यांना थोडे प्रशिक्षण देऊन, दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून दुःखी माणसांचे ऐकून घेण्याचे काम सुरू केले. त्या बाकाला आधी मानसिक आरोग्याचे नाव दिलेले होते. अशा नावाच्या बाकावर कोणी येऊन बसणार नाही, हे आज्यांनीच सांगितले आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. त्या भागातले लोक नैराश्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात, तोच शब्द वापरला गेला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत या पद्धतीचा लक्षणीय उपयोग दिसून आला. तेव्हा नाव ठरवताना ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनाच विचारावे, आणि ज्या नावामुळे येणारा माणूस गरीब, आजारी किंवा अडाणी ठरतो ते टाळावे.

परवानगी आणि पैसा

जागा कोणाची आहे हे तोंडी ऐकून न थांबता कागदावर पाहावे आणि परवानगी लेखी घ्यावी. अर्जाची पोचही जपून ठेवावी. पैसे शक्यतो थोडे आणि अनेकांकडून घ्यावेत, प्रत्येक रकमेची पावती द्यावी, खर्चाला दोघांच्या सह्या असाव्यात आणि महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावा. हिशेब कोणी मागण्याची वाट पाहू नये, कारण मागण्याची वेळ येते तोवर कुजबुज सुरू झालेली असते.

देखभाल

ज्याला लोक नंतरची गोष्ट समजतात, ती देखभाल मला कामाचा गाभा वाटते. 1977 मध्ये वंगारी माथाई यांनी केनियात हरित पट्ट्याची चळवळ सुरू केली. नैरोबीत लावलेल्या पहिल्या सात झाडांपैकी बहुतेक जगली नाहीत. पुढे मात्र खेड्यापाड्यांतल्या स्त्रिया स्वतः रोपे तयार करू लागल्या, आणि त्यांना मिळणारा अल्प मोबदला जगलेल्या रोपामागे होता. या एका नियमामुळे सगळ्यांचे लक्ष लावण्याच्या दिवसावरून पाणी घालण्याच्या दिवसांकडे वळले. या चळवळीने पाच कोटींहून अधिक झाडे लावली आणि माथाई यांना 2004 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामातही कौतुक कशाचे करायचे हे याच रीतीने ठरवावे: किती रोपे लावली यापेक्षा सहा महिन्यांनी किती उभी आहेत, किती पुस्तके जमली यापेक्षा या महिन्यात किती घरी वाचायला गेली.

सामायिक जंगले, कुरणे आणि पाण्याचे पाट लोकांनी पिढ्यानपिढ्या कसे टिकवले याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांना दिसलेल्या काही गोष्टी छोट्या कामालाही जशाच्या तशा लागू पडतात. वस्तू कोण वापरू शकतो हे स्पष्ट असावे, नियम वापरणाऱ्यांनी मिळून केलेले असावेत, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असावेत आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सौम्य समज मिळावी, शिक्षा हळूहळू वाढावी. यातली शेवटची गोष्ट उत्साही कार्यकर्त्यांना पटायला जड जाते. पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलाचे नाव पहिल्याच वेळी काढून टाकले, तर ते मूल परत येत नाही आणि बहुधा पुस्तकही येत नाही.

कपाट आम्ही पुन्हा सुरू केले तेव्हा तीन किल्ल्या करून घेतल्या. एक तळमजल्यावर नेहमी घरी असणाऱ्या आजींकडे दिली आणि दोन मोठ्या मुलांकडे, दर महिन्याला पाळीने बदलतील अशा. नियम मुलांनीच लिहिले; त्यांतला ‘पान दुमडायचे नाही, खूण म्हणून दोरा ठेवायचा’ हा नियम मला सुचला नसता. नवे पुस्तक कोणते घ्यायचे हेही तीच ठरवू लागली, आणि मी निवडलेली काही पुस्तके वरच्या कप्प्यात गेली. मी मुद्दाम दोन आठवडे खोलीत पाऊल ठेवले नाही. त्या काळातल्या नोंदी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होत्या, दोन ठिकाणी तारीख राहिली होती, पण पुस्तके जात-येत होती.

अशी परीक्षा प्रत्येक कामाची तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्यावी आणि तिच्या आधी एक वही तयार करावी. वही साधी असावी आणि कामाच्या जागीच दोरीने बांधलेली असावी. पहिल्या पानावर किल्ल्या कोणाकडे आहेत, या महिन्याची पाळी कोणाची आहे आणि ती व्यक्ती नसेल तर कोणाला बोलवायचे हे लिहावे. दुसऱ्या पानावर कोणता भाग वारंवार बिघडतो, त्याचे नेमके माप काय, तो कुठे मिळतो आणि शेवटचा कधी बदलला याची नोंद ठेवावी. नळाच्या वॉशरचे माप तिथे नसेल, तर जुना वॉशरच त्या पानाला दोऱ्याने बांधून ठेवावा. शेवटच्या पानावर, हे काम कधी बंद करायचे झाले तर उरलेले पैसे आणि सामान कोणाला द्यायचे, हे सगळ्यांच्या सह्यांनिशी आजच लिहून ठेवावे.