नादारीचा अर्ज करताना घर आणि घरची माणसं कशी सांभाळावीत

खान्देशात माणूस सहसा एका कर्जानं बुडत नाही. बँकेचं घरकर्ज, पतसंस्थेचं तारण कर्ज, भिशीतली उचल, सराफाकडं ठेवलेलं सोनं आणि वर शालकाचे, मित्राचे हातउसने. एकाचं व्याज भरायला दुसरं कर्ज, असं करता करता एक दिवस हिशोबच लागेनासा होतो. अशा माणसाला नादार, म्हणजे दिवाळखोर, म्हणून जाहीर होण्याचा मार्ग कायद्यानं ठेवलेला आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण घर टिकणार की जाणार, हे कोर्टात कमी आणि अर्जाच्या आधीच्या काही महिन्यांत जास्त ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी नव्या सह्या थांबवा

वसुली अंगावर आली की कोणीतरी सांगायला येतो, “भाऊ, कर्ज फिरवून देतो, फक्त वहिनींची सही लागेल.” माझ्या मते नादारीच्या वाटेवरची सगळ्यात महागडी चूक हीच. नवऱ्याच्या कर्जाला बायको केवळ बायको म्हणून जबाबदार नसते, आणि बापाच्या कर्जाला मुलगाही केवळ मुलगा म्हणून नसतो. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली की मात्र बँक थेट त्यांच्या दारात येऊ शकते, आणि तुम्ही नादार ठरलात तरी जामीनदार सुटत नाही. बायकोचं स्त्रीधन, तिच्या कमाईतून घेतलेली वस्तू, तिच्या माहेरून आलेली जमीन हे तिचं आहे. ते तारण ठेवू नका. आईवडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवू नका.

याच्या उलट दुसरा सल्लाही मिळतो: घर बायकोच्या नावानं बक्षीसपत्र करून टाका, शेताचं हक्कसोडपत्र भावाला लिहून द्या, मग कोण काय नेणार? १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात याचं उत्तर तेव्हापासूनच आहे. नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला (ज्याचं तुम्ही देणं लागता त्याला) झुकतं माप देऊन पैसे चुकते केले, तर तेही उलटवता येतं. शालकाचे दोन लाख आधी फेडून टाकू, हा विचार माणुसकीचा असला तरी शालकालाच अडचणीत आणतो.

कोणतं कर्ज कुठपर्यंत पोहोचतं, ते पाहा

सगळे कागद काढा आणि कर्जांची वेगवेगळी चळत लावा. घरकर्जाची चळत सगळ्यात आधी वाचा, कारण नादारीनं तारण घेतलेल्या बँकेचा हक्क थांबत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. मग बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. या नोटिशीला लेखी हरकत जरूर द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढं बँकेनं ताबा घेण्याची कारवाई केली, तर कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायला ४५ दिवस असतात. पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो.

हप्ता परवडणारच नसेल, तर नोटीस येण्याआधी बँकेच्या संमतीनं घर स्वतः विका. जळगावच्या कॉलनीतला रो हाऊस असो की अमळनेरचं जुनं घर, लिलावाच्या बोलीपेक्षा तुम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं तर भाव सहसा बरा मिळतो, आणि उरलेल्या पैशाचा हिशोब कोर्टात लपवावा लागत नाही. घर सोडायला मन होत नाही हे खरं. पण पगार २५ हजार आणि हप्ता १८ हजार असं गणित असेल, तर ते घर तुमचं राहिलेलं नाही.

पतसंस्थेचं वेगळं आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीला येतो. उपनिबंधकांकडून सुनावणीची नोटीस आली की गप्प बसू नका, कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला दाखल्यातल्या वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. तेवढे पैसे असते तर प्रश्नच नव्हता.

खासगी सावकाराकडं परवाना आहे का, ते विचारा. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही व्याजाची मर्यादा आहे. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणीवर १२ टक्के; बाकीच्यांना १५ आणि १८. ‘महिना पाच टक्के’ घेणारा यात कुठंच बसत नाही. परवाना नसेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करायची.

कोरे चेक दिले असतील, तर त्यांची वेगळी यादी करा. चेक वटला नाही तर होणारा खटला फौजदारी असतो आणि नादारीचा आदेश त्याला आडवा येत नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात.

अर्ज

२०१६ चा नादारी कायदा आला म्हणून सगळं बदललं, असा समज आहे. त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. एमआयडीसीतल्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याच्या कर्जावर तुमची वैयक्तिक हमी असेल, तर तुमचा विषय कंपनी विधी न्यायाधिकरणाचा. किराणा, कापड दुकान, नोकरदार, अडत्या, केळीचा व्यापारी यांच्यासाठी अजून १९२० चाच कायदा आणि जिल्हा न्यायालय. देणं किमान ५०० रुपये असावं, ही अटही तेव्हाचीच. आज एवढं उसनं घेऊन कोणी नादार होत नाही!

नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि विनातारण देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा करता येत नाही. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जे जप्त करता येत नाही, ते इथंही वगळलेलं आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे बाई अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते त्याचं घरही त्यात येतं, पण ते आधीच तारण दिलेलं असेल तर हे संरक्षण कामाला येत नाही. शेतजमिनीला अशी सरसकट सूट नाही. नंदुरबारकडच्या आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडं जायला वेगळी परवानगी लागते, हे वकिलाला आठवणीनं सांगा.

पगाराची जप्ती झाली तरी पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे जप्तीसाठी धरला जाणारा पगार २५,००० असेल तर १७,००० घरी येतात. घरखर्च या आकड्यावर बसवा. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. पुरुषालाही ऐपत असून टाळतो हे सिद्ध झाल्याशिवाय तुरुंगात टाकता येत नाही.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांना वकील मोफत मिळतो.

भाड्याचं घर

घर सोडायचं ठरलं तर ताबा जाण्याच्या आधी नवं घर बघा. ताबा घ्यायला माणसं दारात उभी असताना कोणी भाड्यानं देत नाही. मुलांची शाळा आणि कमावत्या माणसाचं काम यांच्या मध्ये पडेल असं घर घ्या. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवणं घरमालकाची जबाबदारी आहे. बायको कमावती असेल तर करार तिच्या नावानं करायला हरकत नाही. भाडं शक्यतो बँकेतून द्या. भाडेकरूचं भाडं थकलं तरी घरमालकाला आपणहून पाणी-वीज तोडता येत नाही.

घरात कसं सांगायचं

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशीण येते आणि तिला सगळं शेजारणीकडून कळतं, असं होऊ देऊ नका. बहिणींना, आईला, मोठ्या मुलांना एकाच दिवशी सांगा. आकडे सांगा, नुसतं ‘थोडी अडचण आहे’ म्हणू नका. त्यात घरच्यांनी कशावर सही करायची नाही, हेही स्पष्ट बोला. लग्न ठरलेलं असेल तर दुसऱ्या बाजूला खरं सांगून साधं करा. भिशी काढून हॉल घेणं म्हणजे पुन्हा तेच.

वसुलीचे फोन घरच्यांना येत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना त्रास देणंही चालत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडं लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं.

फी परवडत नसेल तर मुलाला जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत घालता येतं. आठवीपर्यंत दाखला मिळायला उशीर झाला म्हणून त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. घरातलं आयुर्विम्याचं पॉलिसीपत्रक काढून बघा. बायको-मुलांच्या लाभासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली पॉलिसी नवऱ्याच्या देणेकऱ्यांना मिळत नाही. फक्त ती घेतानाच तशी नोंद केलेली लागते.

मुक्ततेचा अर्ज

नादार ठरवताना कोर्ट मुक्ततेच्या, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटण्याच्या, अर्जासाठी मुदत देतं. ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे देणेकरी वसुलीला पुन्हा मोकळे होतात. मुक्तता मिळेपर्यंत वारसानं आलेली वाटणीही रिसीव्हरकडं जाते, आणि निवडणूक लढवता येत नाही (गावात पॅनल उभं करणाऱ्यांनी हे वाचावं). मुक्ततेनंतरही सरकारी देणं, फसवणुकीनं घेतलेलं कर्ज आणि पोटगी शिल्लक राहते, तिची सोय वेगळी करावी लागते.