लाइन गेली की कॉम्प्युटरची तारीख मागे जायची

आर्वी तालुक्यातल्या आमच्या कृषी सेवा केंद्रात लाइन जाऊन आली, की कॉम्प्युटरवर जुनंच साल दिसायचं. मग बँकेची म्हणा, जीएसटीची म्हणा, एकही साइट उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच यायचं. गावात दोघातिघांनी व्हायरस म्हणून विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. त्याची काहीच गरज नव्हती.

सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ब्राउझर ती कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच काही वर्षं मागे असलं, तर खरं प्रमाणपत्रही त्याला चालत नाही. तारीख हाताने बदलली की साइट उघडायची, पण पुढची लाइन जाईपर्यंतच.

घड्याळवाल्याने ऐकताच सांगितलं, "भाऊ, आतला सेल बसला हाये." मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. आमच्याकडे दिवसातून कितीदा लाइन जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला. धूळ पुसली. बाजूची क्लिप नखाने सरकवताच सेल टपकन वर आला. नवा बसवताना अधिक चिन्ह वर ठेवायचं. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) आणि विंडोजमध्ये तारीख नीट केली.

लॅपटॉपमध्ये मात्र हा सेल बरेचदा वायरसकट आत चिकटवलेला असतो. तो कारागिराकडूनच बदलून घ्या.