दोघांनी मिळून ईडीएम (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) अल्बम करताय? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी पोरगा फाईल पाठवतो, दादा आम्ही दोघांनी मिळून अल्बम केलाय, ऐकून सांगा ना. मी ऐकतो आणि तिसऱ्या ट्रॅकपर्यंत तेच जुनं दुखणं सापडतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकाच ट्रॅकमध्ये दोन किक (ठेक्याचा तो जड 'धप्प' आवाज). त्याने त्याची टाकलेली, तुम्ही तुमची, आणि माघार कोण घेणार? कोणीच नाही. मी पण हेच केलंय. नाशिकच्या एका मित्राबरोबर सहा ट्रॅक केले होते, घरी ड्रॉप (गाण्यात बीट दणक्यात येतो तो भाग) असा वाजायचा की शेजारच्या काकू दार ठोठावायच्या. मग एका कार्यक्रमात मोठ्या सिस्टीमवर लावला आणि खालचं सगळं गायब, नुसती टिकटिक. साऊंडवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सबची (खालच्या आवाजाच्या स्पीकरची) वायर उपटलीय. घरी येऊन वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटेचं चित्र) झूम केला तर त्याची किक जिथे वर जात होती तिथे माझी खाली, दोघी एकमेकींना खात होत्या, आणि घरच्या पाच इंची मॉनिटर स्पीकरवर 50 हर्ट्झच्या खालचं तसंही नीट ऐकू येत नाही म्हणून आम्हाला पत्ताच नाही. पोलॅरिटीचं, म्हणजे लाट उलटी करायचं, बटण दाबलं, तळ परत आला, पण त्याची किक एफ सुरात म्हणजे साधारण 43.7 हर्ट्झ आणि माझी जी सुरात 49, त्यामुळे घरघर राहिलीच. शेवटी माझी डिलीट केली. चार दिवस वाईट वाटलं. आता मी सरळ नाणेफेक करतो, ट्रॅकमागे किक एकाचीच, आणि हरणाऱ्याने गप बसायचं.

दुसरी चूक, पाहुण्या कलाकारांची जत्रा. स्क्रिलेक्स आणि डिप्लोचा 2015 चा जॅक यू अल्बम घ्या, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालेला. 'व्हेअर आर यू नाऊ' ऐका, ड्रॉपमधला तो चिरका डॉल्फिनसारखा आवाज कुठला महागडा सिंथेसायझर नाहीये, जस्टिन बीबरचाच आवाज पिच वर नेऊन, मोडूनतोडून केलाय. एवढे दोन मोठे प्रोड्युसर, पण पुढे एकच गोष्ट ठेवली आणि बाकी सगळं तिच्यासाठी बाजूला सारलं. अल्बमचा जीव तिथे आहे. आणि कच्चं कुठंय? तर त्याच दहा ट्रॅकमध्ये 2 चेन्झचं रॅप, त्रिनिदादच्या बंजी गार्लिनची सोका (तिकडचं नाचाचं संगीत), पॉप, ट्रॅप सगळंच, आणि शेवटी आधीच येऊन गेलेलं 'टेक यू देअर' परत, मिसी एलियटला घेऊन. सुटी सुटी गाणी भारी आहेत पण सलग ऐकताना पार्टीत कोणीतरी सारखा फोन हिसकावून गाणं बदलतोय असंच वाटतं मला. त्यांना ते खपलं. आपल्याला आधी चार गाणी एका घरातली वाटतील एवढं जमलं तरी पुष्कळ. मी तर प्रत्येक ट्रॅकमध्ये एक तरी आवाज कॉमन ठेवतो, एखादा क्लॅप का असेना.

बाकी पटापट. स्टेम (प्रत्येक आवाजाची वेगळी फाईल) सगळे गाण्याच्या पहिल्या बारपासून काढा, तो आवाज जिथे सुरू होतो तिथून नाही, नाहीतर समोरचा रात्रभर जागा जुळवत बसतो. मास्टरवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनलवरचा) लिमिटर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं ते टूल, बंद करून मग एक्सपोर्ट करा, नाहीतर प्रत्येक स्टेम वेगळा दबतो आणि सगळे एकत्र लावले की तुमचा मूळ मिक्स परत येतच नाही. 'फायनल_फायनल2_खरंच' असं नाव देणाऱ्याबरोबर मी काम करत नाही, तारीख टाका. आणि प्रत्येकाने आपापले ट्रॅक आपापले मास्टर (शेवटचं पॉलिश) करू नका, आवाज कमीजास्त होतो, एकालाच द्या. एआयने दोन मिनिटात मास्टर होतं ना दादा, असं विचारणारे आहेतच, होतं बाबा, पण मग मला ऐकायला पाठवू नकोस.

पैशाचा स्प्लिट? पहिल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून. आमचा सहाव्या ट्रॅकनंतर ठरला, सातवा ट्रॅक झालाच नाही.