खानदेशातून किशोरांसाठी अद्भुत कादंबरी : कल्पनेपासून करारापर्यंत

ज्यांना बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी अद्भुत कादंबरी लिहायची आहे, त्या खानदेशातील तरुण लेखकांनी परदेशी मालिकांतले बर्फाळ किल्ले बाजूला ठेवून आधी सातपुड्याकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. कपाळीची भळभळती जखम घेऊन डोंगरदऱ्यांतून हिंडणारा आणि वाटसरूंकडे तेल मागणारा चिरंजीव या भागात आजही घरोघरी ठाऊक आहे. त्याला अमरत्व मिळाले ते शाप म्हणून. सामर्थ्य आणि त्याची किंमत यांची अशी सांगड ज्या कथेत असते, ती किशोरांच्या मनाची पकड घेते.

म्हणून आपल्या कथेतील प्रत्येक सिद्धीची किंमत लिहायला बसण्यापूर्वीच ठरवावी. समजा, एखाद्या मुलीला तापीच्या पाण्यात हात घातला की जुन्या पुरात वाहून गेलेल्यांचे आवाज ऐकू येतात आणि दर वेळी तिची स्वतःची एक आठवण पुसली जाते. हा नियम सुरुवातीच्या प्रकरणांतच प्रसंगातून दिसला पाहिजे आणि शेवटी नायिका कितीही अडचणीत सापडली तरी तो मोडता कामा नये, कारण या वयाचे वाचक लेखकाची पळवाट फार लवकर ओळखतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत अहिराणी जरूर आणावी. ‘काय करी ऱ्हायना?’ हे कोल्हापूरच्या वाचकालाही संदर्भाने कळते. मात्र तळटीपा देण्याची वेळ आली, तर तो संवाद पुन्हा लिहावा.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते शाळकरी वाचकांना द्यावे आणि ते कोणत्या पानावर थांबले, एवढेच विचारावे.

प्रकाशकाशी होणारा करार मात्र शब्दन् शब्द वाचावा, कारण मालिका लिहिणाऱ्याचे पुढचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मिळालेले हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळी तरतूद नसल्यास ते संपुष्टात येतात. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क एकाच वाक्यात देऊन टाकू नयेत. प्रत्येकाचा स्वतंत्र उल्लेख मागावा. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हे हक्क टिकतात, त्यामुळे येथे भिडस्तपणा परवडत नाही.

पुढच्या भागाची बातमी करारावर सही झाल्यानंतरच जाहीर करावी आणि प्रकाशनाची तारीख छपाई निश्चित झाल्यावरच सांगावी. वाट पाहणाऱ्या मुलांना दिलेली तारीख वारंवार पुढे गेली, तर त्यांचा विश्वास उडतो. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्कारासाठी ३५ वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे, तेव्हा पहिले पुस्तक वेळेत यावे यासाठी प्रकाशकाकडे लेखी पाठपुरावा करावा आणि त्या पत्रांच्या प्रती कराराच्या फाइलमध्येच जपून ठेवाव्यात.